स्वादुपिंडातील गाठी

स्वादुपिंड ही जठराच्या मागे, कण्यासमोर आडवी पसरलेली सुमारे १५ सेंमी लांबीची ग्रंथी. अन्न पचवणारा रस आणि इन्सुलिनसारखी संप्रेरके, दोन्ही तीच तयार करते. गाठ यांपैकी कोणत्या पेशींतून उगवली, यावर रोग्याचे पुढचे सारे ठरते.

सर्वाधिक आढळणारी आणि सर्वांत घातक गाठ म्हणजे पाचकरसाच्या नलिकांचा कर्करोग. स्वादुपिंडाच्या कर्करोगांत सुमारे ९० टक्के वाटा याचाच. गोव्याचे मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर यांचे मार्च २०१९ मध्ये निधन झाले, तेही स्वादुपिंडाच्याच कर्करोगाने. ग्रंथीच्या डोक्याकडची, म्हणजे उजव्या रुंद टोकाची गाठ पित्तनलिका दाबते आणि कावीळ होते. पोटात फारसे दुखत नाही, ताप नसतो; पण डोळे पिवळे, लघवी कोऱ्या चहासारखी, शौच पांढुरके आणि अंगभर खाज. आपल्याकडे कावीळ म्हटली की आधी गावठी औषध, पथ्य, उसाचा रस सुरू होतो आणि मोलाचे आठवडे हातचे जातात. पन्नाशीनंतर अशी कावीळ दिसली तर सोनोग्राफी आणि सीटी स्कॅन लगेच करून घ्यावेत. शेपटाकडची गाठ त्याहून गुपचूप वाढते: पाठीत शिरणारी कळ, घटते वजन, कधी उतारवयात अचानक लागलेला मधुमेह.

इन्सुलिनोमा अगदी वेगळा. इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींची ही गाठ बहुधा २ सेंमीपेक्षा लहान आणि बहुतेक वेळा साधी, म्हणजे कर्करोगाची नसलेली. सकाळी उपाशीपोटी माणसाला दरदरून घाम फुटतो, हात थरथरतात, तो असंबद्ध बोलू लागतो. साखरपाणी दिले की काही मिनिटांत ताळ्यावर येतो. फिट किंवा मनाचा आजार समजून अशांवर वर्षानुवर्षे भलतेच उपचार होतात. वास्तविक गाठ काढली की बहुतेकांचा रोग संपतो.

द्रव भरलेल्या गाठी बऱ्याचदा दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या स्कॅनमध्ये सापडतात. काहींवर नुसती नजर ठेवतात, काही काढाव्या लागतात.

डोक्याकडच्या गाठीसाठी व्हिपल शस्त्रक्रिया करतात. अमेरिकी शल्यचिकित्सक ॲलन व्हिपल यांनी ती १९३५ मध्ये मांडली. स्वादुपिंडाचे डोके, लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग, पित्ताशय आणि पित्तनलिकेचा तुकडा काढून उरलेले भाग आतड्याला पुन्हा जोडतात. मात्र निदान होते तेव्हा कर्करोगाच्या जेमतेम पाचातल्या एका रोग्यावर ती शक्य असते. इतरांना केमोथेरपी, काविळीसाठी पित्तनलिकेत स्टेंट (ती उघडी ठेवणारी बारीक नळी) आणि दुखणे शमवणारी औषधे देतात. पाचकरस कमी पडून शौच तेलकट होत असेल, तर एन्झाइमच्या कॅप्सूल लागतात. त्या जेवणाच्या पहिल्या घासाबरोबर घ्यायच्या, उपाशीपोटी घेतल्यास वाया जातात.