बास्करव्हिल टाइपाची कुळकथा

संगणकातल्या फॉन्टच्या यादीत ‘बास्करव्हिल’ हे नाव पुष्कळांच्या नजरेखालून गेलेलं असतं. अक्षरांच्या टोकांना बारीक आडवे पाय असलेला, म्हणजे सेरिफ प्रकारातला, हा रोमन टाइप अठराव्या शतकात इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅममध्ये जन्मला. त्याला नाव मिळालं ते जॉन बास्करव्हिल या त्याच्या जनकाचं.

बास्करव्हिल मुळात छापखान्यातला माणूस नव्हता. तरुणपणी तो सुंदर हस्ताक्षर शिकवायचा आणि थडग्यांच्या दगडांवर मजकूर कोरायचा. थडग्याचे दगड हव्या त्या वळणात कोरून मिळतील, अशी जाहिरात करणारी त्याची एक कोरीव दगडी पाटी बर्मिंगहॅमच्या ग्रंथालयात आजही जपून ठेवलेली आहे. पैसा त्याने मिळवला तो मात्र लॅकरच्या चकचकीत वस्तूंच्या धंद्यात. चाळिशी ओलांडल्यावर, १७५०च्या सुमाराला, तो पैसा त्याने टाइपाच्या नादात घालायला सुरुवात केली.

तेव्हा टाइप पाडणं म्हणजे चिकाटीचं काम. पोलादी सळईच्या टोकावर उलटं अक्षर कोरायचं, तो पंच तांब्यात ठोकून साचा करायचा आणि साच्यात शिशाचा मिश्रधातू ओतून खिळे पाडायचे. बास्करव्हिलचे पंच जॉन हँडी या कारागिराने कोरले. त्या काळी इंग्लंडमध्ये विल्यम कॅस्लनच्या टाइपाचा दबदबा होता. बास्करव्हिलने त्याहून जाड रेघ आणि बारीक रेघ यांतला फरक वाढवला, गोल अक्षरांचा तोल जवळजवळ उभा केला आणि सेरिफना धार आणली. मोठ्या ‘क्यू’ची शेपटी पाहा, बोरूच्या एका फटकाऱ्यात ओढल्यासारखी वाटते. छोट्या ‘जी’चा खालचा फास तर मिटतच नाही, उघडाच राहतो. हस्ताक्षर शिकवणाऱ्याचा हात लपत नाही तो असा.

पण एवढी नाजूक रेघ खडबडीत कागदावर उमटणार कशी? मला बास्करव्हिल थोर वाटतो तो इथे. त्याने अक्षर एकटं सुधारलं नाही. छापयंत्रातलं अस्तर कडक केलं, शाई जास्त काळी बनवली आणि छापलेला ताव तापवलेल्या तांब्याच्या पत्र्यांमध्ये दाबून गुळगुळीत करायची पद्धत बसवली. १७५७ मध्ये त्याचं पहिलं पुस्तक निघालं, रोमन कवी व्हर्जिल याच्या काव्यांचं. त्याचा काही भाग व्हॉटमनच्या गिरणीतल्या नव्या, जाळीच्या रेघा नसलेल्या कागदावर छापला होता. मजकुराभोवती भरपूर कोरी जागा आणि पानावर नक्षी जवळजवळ नाहीच. सगळा भार अक्षरांवर.

लोकांनी मात्र नाकं मुरडली. एका गृहस्थाने बेंजामिन फ्रँकलिनला सांगितलं, की असल्या बारीक रेघांनी देशातले वाचक आंधळे होतील. फ्रँकलिन स्वतः मुद्रक. त्याने कॅस्लनच्या नमुन्याचा ताव घेतला, वरचं नाव फाडून टाकलं आणि हा बास्करव्हिलचाच म्हणून त्या गृहस्थापुढे ठेवला. त्या तावातही गृहस्थाला तेच सगळे दोष दिसले! फ्रँकलिनने १७६० मध्ये हा किस्सा बास्करव्हिलला पत्राने कळवला.

पुढे केंब्रिज विद्यापीठासाठी बास्करव्हिलने १७६३ मध्ये बायबल छापलं. देखणं झालं, पण खपलं नाही. १७६४ मध्ये त्याने सारा ईव्ह्जशी लग्न केलं. ती मुलांना घेऊन त्याच्याकडे घरकाम पाहायला आली होती आणि छपाईच्या कामातही तिचा हात होता. १७७५ मध्ये तो गेल्यावर टाइपाचा कारभार काही काळ तिनेच चालवला. अखेर पंच आणि साचे फ्रेंच नाटककार बोमार्शे याने विकत घेतले. त्याला व्हॉल्तेअरचं समग्र साहित्य छापायचं होतं. फ्रान्समध्ये ते उघडपणे छापणं शक्य नव्हतं, म्हणून ऱ्हाइनपलीकडच्या केल गावात त्याने छापखाना थाटला. ज्या अक्षरांत बायबल जुळलं, त्याच अक्षरांत चर्चच्या सर्वांत तिखट टीकाकाराचं लेखन जुळलं.

त्यानंतर हे पंच फ्रान्समध्ये या हातातून त्या हातात फिरत राहिले आणि इंग्लंडला बास्करव्हिलचा जवळजवळ विसर पडला. १९१७ मध्ये ब्रूस रॉजर्स या अमेरिकी ग्रंथरचनाकाराने या टाइपाचा माग काढला, १९२३ मध्ये मोनोटाइप कंपनीने तो यंत्रजुळणीसाठी नव्याने काढला आणि पुस्तकांच्या सलग मजकुरासाठी तो रुळला. मूळ पंच शार्ल पेन्यो यांनी १९५३ मध्ये केंब्रिजला भेट दिले.

खिळा कागदात रुतला की शाई कडेला किंचित पसरते आणि रेघ थोडी भरते. पडद्यावर हा भराव मिळत नाही. म्हणून काही संगणकीय बास्करव्हिल छोट्या आकारात फारच रोड दिसतात. झुझाना लिच्को यांनी १९९६ मध्ये याच टाइपावर आधारलेला एक नवा फॉन्ट केला, तेव्हा त्यांनी जाड-बारीक रेघांतला फरक मुद्दाम कमी केला. त्याला त्यांनी नाव दिलं ‘मिसेस ईव्ह्ज’. कॅनडा सरकारच्या बोधचिन्हातलं देशाचं नाव बास्करव्हिलच्याच वळणाचं आहे. शेवटच्या ‘ए’वर छोटा झेंडा असलेलं ते नाव तिथल्या सरकारी कागदावर सहज सापडेल.