प्रॅडर-विली सिंड्रोम: मूल मोठे झाल्यावर

स्वित्झर्लंडमधील प्रॅडर, लाभार्ट आणि विली या डॉक्टरांनी १९५६ मध्ये या आजाराचे वर्णन केले. तान्हेपणी अंग लुळे, दूध ओढायची ताकद नाही. पुढे उंची खुंटलेली, बुद्धीची वाढ संथ आणि कधीच न भागणारी भूक. कारण सापडायला पंचवीस वर्षे गेली. १९८१ मध्ये पंधराव्या गुणसूत्राचा तुकडा गळालेला दिसला. १९८९ मध्ये उमगले की काहींचा तुकडा शाबूत असतो, पण दोन्ही गुणसूत्रे आईकडचीच असतात. म्हणजे उणीव वडिलांकडच्या प्रतीची. डीएनएवरच्या रासायनिक खुणा पाहणाऱ्या मिथायलेशनच्या रक्ततपासणीत आज जवळपास सगळे रुग्ण ओळखता येतात.

पूर्वी लठ्ठपणा, मधुमेह आणि झोपेत अडणारा श्वास यांमुळे अनेक जण तरुणपणीच जात, म्हणून पुस्तकांत हा लहान मुलांचाच आजार राहिला. आता ते चाळिशी गाठतात, पण बालरोगतज्ज्ञांकडची फाइल पुढे कोणी घ्यायची हे बहुधा ठरलेले नसते.

स्नायू कमी असल्याने प्रौढ रुग्णाला दिवसाला साधारण १,००० ते १,२०० कॅलरीच पुरतात. सोलापूरच्या स्वयंपाकघरात हे जमवणे कठीण आहे. कडक भाकरी हलकी वाटते, पण ५० ग्रॅम ज्वारीच्या पिठात सुमारे १७० कॅलरी असतात. शेंगाचटणीचा १५ ग्रॅमचा एक चमचा म्हणजे आणखी ८५, शिवाय आमटीतला दाण्याचा कूट वेगळाच. फडताळाला कुलूप लावणे हा दुष्टपणा नाही. अन्न मिळणारच नाही हे पक्के कळले की जीव शांत होतो.

खरी भीती गड्ड्याच्या यात्रेची, लग्नाच्या पंगतीची, हुरड्याची. एका बैठकीत फार खाल्ले की जठर ताणते, रक्तपुरवठा तुटतो, भिंत सडून फुटते. वजन आटोक्यात असलेल्यांनाही हे होते. यांना उलटी सहसा होत नाही आणि दुखणेही कमी जाणवते. त्यामुळे पोट फुगले, जेवण नको म्हटले किंवा एकदा जरी उलटी झाली, तरी त्याच दिवशी पोटाचा एक्स-रे किंवा सीटी करावा. सकाळची वाट पाहू नये. जंतुसंसर्ग असूनही ताप न येणे, हाही याच आजाराचा भाग.

वर्षातून एकदा एचबीए१सी (रक्तातल्या साखरेची गेल्या तीन महिन्यांची सरासरी), पाठीचा कणा, झोपेतला श्वास, पायांची सूज आणि लैंगिक हॉर्मोन पाहावेत. हाडांची घनताही अधूनमधून मोजावी.

खिशात मराठीत लिहिलेली चिठ्ठी असावी: आजाराचे नाव, चालू औषधे आणि ‘उलटी करवणारे औषध देऊ नये’. ते लागू पडत नाही, आणि पुन्हा पुन्हा दिले तर विषारी ठरू शकते.