कॅल्विनचे पाच मुद्दे कॅल्विनचे नाहीतच

ख्रिस्ती धर्मातलं तारण, म्हणजे पापातून सुटका, कोणाला मिळणार हे देवाने आधीच ठरवलंय, माणसाच्या हातात काही नाही, आणि हे प्रोटेस्टंट धर्मसुधारक कॅल्विनने पाच मुद्द्यांत मांडलं, असं सर्रास सांगतात. अहो, कॅल्विन वारला १५६४ ला! पाच मुद्दे आधी काढले ते विरोधकांनी, डच धर्मशास्त्री आर्मिनियसच्या अनुयायांनी, १६१० मध्ये हॉलंडात, की देवाची कृपा माणूस नाकारू शकतो वगैरे, आणि त्याला उत्तर म्हणून डॉर्ट गावी भरलेल्या, कॅल्विनपंथी चर्चच्या सभेने १६१८-१९ ला आपले मुद्दे दिले. या पाच मुद्द्यांच्या इंग्रजी आद्याक्षरांचा 'ट्युलिप' (TULIP) हा शॉर्टफॉर्म तर फारच नंतरचा, इंग्रजीतला. डॉर्टची सुरुवात देवाने केलेल्या निवडीपासून होते, 'ट्युलिप'मध्ये ती दुसरी येते, म्हणजे फुलाचा क्रमच जुळत नाही. आणि 'हातात काही नाही' हेही अर्धवटच, डॉर्टवाले स्वतः म्हणतात की कृपा माणसाला दगड-ओंडका समजत नाही, इच्छा मारत नाही, बरी करते.