फेंटॅनिल कोणाच्या नावावर? छोट्या ऑपरेशन थिएटरसाठी मान्यता, पात्रता आणि कागदपत्रे

महाराष्ट्रातले बरेच भूलतज्ज्ञ फिरते असतात. सकाळी एंडोस्कोपी, दुपारी लहान मुलाच्या दातांची केस, संध्याकाळी प्लास्टिक सर्जनकडे लायपोसक्शन. लॅरिंगोस्कोप, ट्यूब, औषधं असं सगळं बॅगेत. सरकारी परवानग्या मात्र जवळपास सगळ्या जागेच्या पत्त्यावर मिळतात. बहुतेक घोळ इथूनच सुरू होतात, आणि सगळ्यात मोठा घोळ होतो फेंटॅनिलचा, म्हणजे भूल देताना वापरल्या जाणाऱ्या तीव्र वेदनाशामकाचा.

एनडीपीएस कायद्यात (अंमली औषधं आणि मनःप्रभावी पदार्थांचा कायदा) 2014 साली दुरुस्ती झाली आणि 2015 मध्ये त्याचे नियम आले. मॉर्फिन, फेंटॅनिल, मेथाडोन, ऑक्सिकोडोन, कोडीन आणि हायड्रोकोडोन ही सहा औषधं ‘अत्यावश्यक अंमली औषधे’ ठरली. त्यासाठी पूर्वी वेगवेगळे परवाने काढावे लागत. आता एफडीएकडून (राज्याचं अन्न व औषध प्रशासन) ‘मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्था’ ही एकच मान्यता घ्यायची असते. नोंदणीकृत डॉक्टरला स्वतःच्या प्रॅक्टिससाठी थोडा साठा जवळ ठेवता येतो, पण मर्यादा वाचून घ्या: मॉर्फिन 500 मिलिग्रॅम, आणि फेंटॅनिलचे फक्त दोन पॅच (त्वचेवर चिकटवायच्या पट्ट्या), एक ताशी 12.5 मायक्रोग्रॅमचा आणि एक 25 चा. भूल देताना पॅचचा उपयोग शून्य. इंजेक्शनचे अँप्यूल (काचेच्या बंद छोट्या कुप्या) त्या मर्यादेत बसत नाहीत. म्हणजे औषध नियंत्रकांचा खास आदेश नसेल, तर बॅगेतून फेंटॅनिलचे अँप्यूल घेऊन फिरणं नियमात बसत नाही. अँप्यूल थिएटरच्या मान्यतेवर, थिएटरच्या कपाटात हवं.

मान्यतेसाठी अर्ज कोण करू शकतं? जागेची नोंदणी आधी हवी. महाराष्ट्रात ती 1949 च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखाली होते. महापालिका हद्दीत पालिकेच्या आरोग्य विभागाकडे, इतरत्र जिल्हा शल्यचिकित्सकांकडे. कायद्याची व्याख्या रुग्णाला दाखल करून उपचार आणि शुश्रूषा देणाऱ्या जागेची आहे. दोन खुर्च्यांचा दातांचा दवाखाना त्यात बसवणं कठीण, त्यामुळे तिथे फेंटॅनिलचा बेत न आखलेलाच बरा. प्रोपोफोल हे भुलीचं इंजेक्शन शेड्यूल एचमध्ये (डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळणाऱ्या औषधांची यादी) येतं, त्याला एनडीपीएसची मान्यता लागत नाही. (मॉनिटर, ऑक्सिजन, सक्शन आणि रिकव्हरीची सोय मात्र तिथेही तेवढीच लागते.)

मान्यतेचा अर्ज नमुना 3एफ मध्ये करायचा, प्रमाणपत्र 3जी मध्ये मिळतं. अर्जात संस्थेचं नाव-पत्ता, प्रमुखाचं नाव, डॉक्टर-नर्स-इतर कर्मचाऱ्यांची संख्या, मागच्या वर्षी तपासलेले आणि दाखल झालेले रुग्ण, ही औषधं लिहून देणाऱ्या डॉक्टरांचा तपशील आणि साठ्याची जबाबदारी कोणावर, हे भरायचं असतं. वेदनाशमनाचं प्रशिक्षण घेतलेले डॉक्टर आहेत का, असाही रकाना आहे. तो कोरा सोडू नका.

सोबत शुश्रूषागृह नोंदणीची प्रत, डॉक्टरांचं महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचं चालू प्रमाणपत्र, जागेचा भाडेकरार किंवा मालकीचा कागद, आणि कुलूपबंद कपाट कुठे आहे ते दाखवणारा साधा नकाशा तयार ठेवा. अर्ज अडकतात ते दोन किरकोळ गोष्टींवर. एक, पत्ता: नोंदणीवर ‘दुसरा मजला’, करारात ‘बी विंग, 203’ आणि अर्जात नुसतं इमारतीचं नाव. तिन्हीकडे अक्षर न् अक्षर एकच ठेवा. दुसरं, एमडी किंवा डीए ही भूलशास्त्राची पदवी-पदविका हातात असते, पण कौन्सिलकडे ती जादा अर्हता म्हणून चढवलेलीच नसते. कौन्सिलच्या नोंदणीच्या नूतनीकरणाला पाच वर्षांत 30 क्रेडिट पॉइंट (वैद्यकीय प्रशिक्षणाचे गुण) लागतात, तेही त्याच वेळी तपासा.

मान्यता मिळाल्यावर खरं काम रजिस्टरचं. फेंटॅनिलचं 2 मिलिलिटरचं अँप्यूल म्हणजे 100 मायक्रोग्रॅम. रुग्णाला 70 दिलं, तर उरलेलं 30 टाकून दिल्याची नोंद त्याच ओळीत, त्याच वेळी, दोन सह्यांनी करा. देणाऱ्याची एक आणि पाहणाऱ्याची एक. दिवसाच्या शेवटी ‘5 अँप्यूल वापरले’ असं लिहिलं, की तपासणीत पाचही रुग्णांचे भूल-चार्ट काढून मायक्रोग्रॅमचा हिशेब जुळवत बसावं लागतं. खाडाखोड करू नका. चुकलेल्या ओळीवर एक रेघ मारून सही करा आणि पुढच्या ओळीत लिहा. शेवटच्या नोंदीपासून दोन वर्षं रजिस्टर सांभाळावं लागतं. पुढच्या वर्षाच्या गरजेचा अंदाज 30 नोव्हेंबरपर्यंत आणि सरलेल्या वर्षाचं विवरण 31 मार्चपर्यंत पाठवायचं असतं. अंदाज कमी दिला तर पुढच्या वर्षी मध्येच माल अडतो, म्हणून गेल्या वर्षीच्या केसची यादी समोर ठेवूनच आकडा लिहा.

केटामाइन हे भुलीचं औषध सुरुवातीच्या सहा औषधांत नाही, म्हणून ते मोकळं आहे असं समजू नका. ते शेड्यूल एक्समध्ये (सगळ्यात कडक नियंत्रणाची यादी) आहे, शिवाय एनडीपीएसच्या मनःप्रभावी पदार्थांच्या यादीतही आहे. 10 मिलिलिटरची कुपी (500 मिलिग्रॅम) अर्धी वापरून परत ठेवली, तर उरलेल्याचा आकडा लिहायचा राहून जातो. त्याला वेगळं रजिस्टर ठेवा. मिडॅझोलॅम हे गुंगीचं औषध शेड्यूल एच1 मध्ये (एचपेक्षा कडक यादी) आहे. तेही कुलपातच ठेवलेलं चांगलं.

नर्व्ह ब्लॉकसाठी (मज्जातंतूजवळ इंजेक्शन देऊन तेवढाच भाग बधिर करणं) पोर्टेबल सोनोग्राफी मशीन वापरत असाल, तर पीसीपीएनडीटी म्हणजे गर्भलिंगनिदान रोखणारा कायदा लागू होतो, मशीन गर्भ पाहण्यासाठी नसलं तरी. नोंदणीचा अर्ज नमुना ‘अ’, प्रमाणपत्र नमुना ‘ब’, मुदत पाच वर्षं. फिरती वैद्यकीय पथकं सोडली, तर पोर्टेबल मशीन आंतररुग्ण सेवा देणाऱ्या नोंदणीकृत जागेतच वापरता येतं. ते गाडीत टाकून तीन क्लिनिक फिरणारा भूलतज्ज्ञ फौजदारी कारवाईला तोंड देऊ शकतो, आणि मशीन सील होतं ते वेगळंच.

राहिलं जैव-वैद्यकीय कचऱ्याचं. प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नमुना 2 मध्ये अर्ज करायचा आणि वार्षिक अहवाल 30 जूनपर्यंत द्यायचा. मुदत संपलेली औषधं पिवळ्या पिशवीत, काचेचे रिकामे अँप्यूल निळ्या खुणेच्या डब्यात. मुदत संपलेलं फेंटॅनिल मात्र परस्पर पिवळ्या पिशवीत टाकू नका. आधी एफडीएला लेखी कळवा आणि उत्तराची प्रत रजिस्टरला डकवून ठेवा.