सरासरी ९५ टक्के, तरीही गोवर?

"आमच्या सोसायटीत एकही मूल लशीशिवाय राहिलेलं नाही. मग गोवंडीत गोवर आला तर आम्ही का घाबरायचं?" मुलुंडच्या एका मैत्रिणीने मला हे विचारलं, तेव्हा तिचा आठ महिन्यांचा भाचा तिच्या मांडीवर खेळत होता. तिचं उत्तर तिच्या मांडीवरच होतं. गोवर-रुबेलाचा पहिला डोस आपल्याकडे नऊ महिने पूर्ण झाल्यावर देतात. त्याआधी आईकडून आलेली प्रतिपिंडं बाळाच्या रक्तात असतात आणि लशीतल्या दुबळ्या केलेल्या विषाणूला ती रुजूच देत नाहीत. पण पुढे ती ओसरतात, आणि लस मिळेपर्यंत बाळ उघडं पडतं. तेवढे दिवस त्याची राखण करतात ती आजूबाजूची लस घेतलेली माणसं.

किती माणसं लागतात? कुणालाच प्रतिकारशक्ती नसलेल्या वस्तीत गोवराचा एक रोगी सरासरी १२ ते १८ जणांना आजार देतो. रोगी खोलीतून निघून गेला तरी विषाणू तिथल्या हवेत दोन तासांपर्यंत टिकतो, आणि अंगावर पुरळ दिसण्याच्या चार दिवस आधीपासूनच तो पसरत असतो. आपण १५ धरू. साखळी तुटायची तर या १५ पैकी एकाहून कमी जणाला लागण झाली पाहिजे, म्हणजे ९३ टक्क्यांहून जास्त लोक सुरक्षित हवेत. ९५ टक्क्यांचं लक्ष्य येतं ते इथून.

आता दहा गल्ल्या घ्या, प्रत्येकीत १०० मुलं. एकूण ९५० मुलांना लस मिळाली, ५० राहिली. लस सगळ्यांना लागू पडली असं समजू. राहिलेली मुलं प्रत्येक गल्लीत पाच-पाच विखुरलेली असतील, तर रोगी मुलाच्या संपर्कातल्या १५ जणांपैकी सरासरी पाऊण जणाला आजार होईल, साथ विझेल. पण तीच ५० मुलं एकाच गल्लीत असली तर? तिथे १५ पैकी साडेसात जणांना लागण, त्या प्रत्येकाकडून पुढे आणखी. कागदावर सरासरी दोन्हीकडे ९५ टक्केच!

नोव्हेंबर २०२२ मध्ये मुंबईत गोवराचा उद्रेक झाला, तेव्हा सुरुवातीचा मोठा फटका गोवंडीला, म्हणजे एम-पूर्व विभागाला बसला. मुलं दगावली. कोविडच्या काळात नेहमीचं लसीकरण मागे पडलं होतं, आणि जिथे खोल्या दाटीवाटीच्या, आई-बाप रोजंदारीवर, तिथे लशीशिवाय राहिलेली मुलं एकमेकांच्या शेजारीच राहत होती. म्हणून प्रत्येक विभागाला सारखीच शिबिरं देणं हा मला न्याय वाटत नाही. जिथे मुलं लशीशिवाय राहिली आहेत, तिथे जास्त परिचारिका, जास्त फेऱ्या आणि संध्याकाळची वेळ द्यायला हवी.

गोवर म्हणजे देवीचा कोप, डॉक्टरकडे नेऊ नये, कडुलिंबाचा पाला उशाशी ठेवावा, हे अजून ऐकू येतं. पाल्याने न्यूमोनिया थांबत नाही. गोवर झालेल्या मुलाला डॉक्टरांच्या देखरेखीखाली 'अ' जीवनसत्त्वाचे दोन डोस लागोपाठच्या दोन दिवशी देतात; त्याने डोळे वाचतात आणि जीवही. प्रतिकारशक्ती वाढवणारे म्हणून विकले जाणारे काढे तर लशीची जागा मुळीच घेऊ शकत नाहीत.

अशाच एका गल्लीत मी एका आरोग्यसेविकेबरोबर सकाळभर बसले होते. प्लास्टिकच्या खुर्चीवर बर्फाच्या पिशव्यांचा निळा डबा. गोवराच्या लशीची पूड द्रावणात मिसळली की कुपी चार तासांत संपवावी लागते, नाहीतर फेकून द्यावी लागते. तिने झाकणावर वेळ लिहिली, १०.२०, आणि वही उघडली. "ही तीन नंबरची ताई भांडी घासायला जाते, बारा वाजता येईल," ती म्हणाली. बारा वाजून दहा मिनिटांनी ती आली, ओल्या हातांनीच, कडेवर दीड वर्षाची मुलगी. कार्ड गावी राहिलं होतं. सेविकेने नवं कार्ड लिहून दिलं आणि पोरीच्या उजव्या दंडावर सुई टोचली. मग वहीतली पुढची दोन नावं वाचत ती स्वतःच उठली आणि गल्लीच्या आतल्या टोकाला त्यांना बोलवायला गेली.