गोल्फ कोर्सवरचा फवारणी परवाना : २० तास, त्यातले ४, आणि कागदांची फाइल

राहुरी, दापोली, अकोल्याहून बीएस्सी अ‍ॅग्री करून कॅलिफोर्नियातल्या गोल्फ कोर्सवर कामाला लागलेली दोन-चार मराठी मुलं ओळखीची आहेत. नोव्हेंबर उजाडला की त्यांच्यापैकी कुणाचा तरी फोन ठरलेला. "दादा, फवारणी परवान्यासाठी शिक्षणाचे वीस तास भरले, तरी रिन्यूअल होत नाही म्हणतात." मी विचारतो, त्यात कायद्याचे चार आहेत का? पलीकडे शांतता.

हा लेख त्या चार तासांसाठी आहे. बाकीची प्रक्रिया सोपी आहे, ती ओघात येईलच.

अमेरिकेत ज्या कीटकनाशकांची विक्री आणि वापर सरकारने मर्यादित ठेवला आहे, ती वापरायची तर प्रमाणित माणूस लागतो. फवारणी त्याने स्वतः करावी किंवा त्याच्या देखरेखीखाली व्हावी. चौकट केंद्राची असली तरी परवाना राज्य देतं, आणि प्रत्येक राज्याचं गणित वेगळं. न्यूयॉर्कमध्ये मुदत ३ वर्षांची, फ्लोरिडात ४ वर्षांची, कॅलिफोर्नियात २ वर्षांची. एका राज्यात भरलेले तास दुसऱ्या राज्यात आपोआप चालत नाहीत. पुढे लिहिलेलं सगळं फक्त कॅलिफोर्नियाचं आहे.

इथे हे काम सॅक्रामेंटोच्या पेस्टिसाइड रेग्युलेशन खात्याकडे, म्हणजे डीपीआरकडे, आहे. गोल्फवाल्यांच्या कामाचे कागद दोन. एक क्वालिफाइड अ‍ॅप्लिकेटर सर्टिफिकेट (क्यूएसी), दुसरं क्वालिफाइड अ‍ॅप्लिकेटर लायसन्स (क्यूएएल). मालकाच्या कोर्सवरच फवारणी करायची किंवा करून घ्यायची असेल तर क्यूएसी पुरतं. फवारणीचा धंदा करणाऱ्या कंपनीत जबाबदार माणूस म्हणून उभं राहायचं असेल तर क्यूएएल. नवीन माणसाने उगाच मोठ्या कागदामागे लागू नये.

पात्रता ऐकून आपली मुलं चकित होतात. वय १८ पूर्ण हवं आणि परीक्षा पास व्हायला हवी, बस. पदवी लागत नाही. परीक्षेचे दोन भाग: कायदे व मूलतत्त्वांचा पेपर सगळ्यांना, शिवाय आपल्या विभागाचा. पास व्हायला ७० टक्के. गोल्फ कोर्स 'बी' विभागात, म्हणजे लँडस्केप मेंटेनन्समध्ये येतो. कोर्सवरच्या तळ्यातलं शेवाळ मारायचं असेल तर 'एफ', म्हणजे पाण्याचा विभागही घ्यावा लागतो. हे बऱ्याच जणांना तळं हिरवं झाल्यावर आठवतं. परीक्षेला फोटो असलेलं ओळखपत्र न्या. आणि एक गैरसमज मुळातच काढून टाका: हे प्रमाणपत्र म्हणजे काम करण्याची परवानगी नव्हे. व्हिसाचा विषय पूर्ण वेगळा.

आता तास. दोन वर्षांच्या मुदतीत एकूण २० तासांचं सततचं शिक्षण लागतं, आणि त्यातले किमान ४ कायदे व नियमांचे. उरलेले १६ कीड, रोग, तण, यंत्रं, सुरक्षितता अशा कशाचेही चालतात. कायद्याचे तास जास्त झाले तर बिघडत नाही, कमी पडले तर बाकीचे कितीही असोत, अडतं. माणसं अडकतात याचं कारण साधं आहे. डॉलर स्पॉट या गवताच्या रोगावरचं व्याख्यान ऐकायला गर्दी होते आणि नियमांच्या सत्राला लोक कॉफी प्यायला बाहेर पडतात. मी स्वतः पडलेलो आहे.

पण ते सत्र फुकाचं नसतं. क्लोरपायरिफॉसचंच घ्या. आपल्याकडे कपाशीवर पिढ्यान् पिढ्या मारलेलं औषध. कॅलिफोर्नियात त्याची विक्री फेब्रुवारी २०२० मध्ये थांबली आणि त्याच वर्षीच्या ३१ डिसेंबरनंतर बहुतेक उत्पादनं वापरणंच काय, जवळ बाळगणंही बंद झालं. शेडच्या कोपऱ्यातला अर्धा डबा एका रात्रीत गुन्हा होऊ शकतो, आणि ही बातमी तुम्हाला औषधविक्रेता सांगेलच असं नाही.

तास कुठे मिळतात? प्रत्येक शिक्षणवर्गाला डीपीआरची आगाऊ मंजुरी आणि स्वतःचा कोड लागतो. कोड नाही तर तास नाही. इथे माझीच गोष्ट सांगतो. एका वर्षी सुपरिंटेंडंट, म्हणजे कोर्सची देखभाल सांभाळणाऱ्या प्रमुखांच्या, मोठ्या परिषदेला गेलो, दोन दिवस वर्गात बसलो, गुणही जमा झाले. परत आल्यावर कळलं की ते गुण संघटनेचे होते. मी बसलेल्या सत्रांपैकी डीपीआरने मान्य केलेलं एकच होतं. चूक माझी, पत्रकावर कोड शोधला नव्हता.

ते संघटनेचे गुण म्हणजे जीसीएसएएचे. ही गोल्फ कोर्स सुपरिंटेंडंटांची राष्ट्रीय संघटना १९२६ साली स्थापन झाली, मुख्यालय कॅन्ससमधल्या लॉरेन्सला. तिच्या 'क्लास ए' सदस्याला दर ५ वर्षांनी ४ गुण दाखवावे लागतात, त्यातले निदान २ शिक्षणाचे, उरलेले सेवेचे चालतात. एक तास म्हणजे ०.१ गुण. त्याहून वरचं सर्टिफाइड सुपरिंटेंडंट हे बिरुद १९७१ पासून आहे. त्याला परीक्षा, कामाचा पोर्टफोलिओ आणि कोर्सची प्रत्यक्ष पाहणी लागते. हे सगळं ऐच्छिक, पगाराला आणि नावाला उपयोगी. फवारणीचा परवाना मात्र कायद्याचा. एकच सत्र दोन्हीकडे धरलं जाऊ शकतं, पण दोन्हीकडची मंजुरी असेल तरच.

भरवशाच्या जागा म्हणाल तर कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या आयपीएम, म्हणजे एकात्मिक कीड नियंत्रण, कार्यक्रमाचे ऑनलाइन वर्ग, फवारणी करणाऱ्यांच्या पापा या संघटनेचे दिवसभराचे सेमिनार, आणि स्थानिक सुपरिंटेंडंट संघटनांच्या बैठका. रिव्हरसाइडच्या विद्यापीठात सप्टेंबरात टर्फचा, म्हणजे हिरवळीच्या गवताचा, फील्ड डे असतो, तो मला सगळ्यांत आवडतो. उन्हात प्लॉटमागून प्लॉट फिरायचं, झेंड्या बघायच्या. एका वर्षी टिफवे ४१९ या गवताच्या प्लॉटपाशी माझ्यासोबतच्या मुलाने वाकून पान चुरगाळलं आणि म्हणाला, "ही तर आपली हरळी." बरोबरच होतं. जॉर्जियातल्या टिफ्टनला तयार झालेला हा संकर अर्धा आपल्या दूर्वांचाच. वाळवंटातल्या कोर्सवाल्यांना मात्र हा दिवस अवघड जातो, कारण तेव्हाच हिवाळी रायग्रास पेरायची धांदल सुरू होत असते. त्यांनी उन्हाळ्यातच तास उरकावेत.

सगळे तास पडद्यासमोर बसून काढू नका, असं मी सांगतो. नोझल मोजायचा वर्ग हातानेच करण्यासारखा आहे. एकरी ४० गॅलन, ताशी ४ मैल वेग, नोझलमधलं अंतर २० इंच. या तिन्हींचा गुणाकार करून ५९४० ने भागलं की एका नोझलचा मिनिटाला प्रवाह येतो, सुमारे ०.५४ गॅलन. म्हणजे ३० सेकंदांत मापाच्या भांड्यात साधारण १ लिटर पाणी पडायला हवं. आमच्या फवारणी यंत्राच्या टोकाच्या नोझलखाली सव्वा लिटर निघालं होतं. त्या बाजूचं गवत वरचेवर पिवळं का पडतं, याचं उत्तर त्या भांड्यात होतं.

परवान्याची मुदत ३१ डिसेंबरला संपते. कुणाची सम वर्षात, कुणाची विषम, ते आडनावाच्या पहिल्या अक्षरावर ठरतं. इथे पाटील आणि देशपांडे एकाच दिवशी लागले तरी मुदत वेगवेगळ्या वर्षी संपू शकते, तेव्हा शेजाऱ्याचं बघून निवांत राहू नका. तास मुदतीच्या आतलेच धरतात. जास्तीचे पुढच्या फेरीला ढकलता येत नाहीत. अर्ज उशिरा गेला तर दंड, आणि तास पुरे नसतील तर पुन्हा परीक्षा.

कागद फारसे नाहीत: नूतनीकरणाचा अर्ज, शुल्क, आणि वर्गांचा तपशील. तपशिलात वर्गाचं नाव, कोड, तारीख, ठिकाण, आयोजक आणि तास, कायद्याचे वेगळे आणि इतर वेगळे. हजेरीची प्रमाणपत्रं ३ वर्षं जपून ठेवा, कधीही मागू शकतात. येताना आणि जाताना दोन्ही वेळा सही करा. जातानाची सही राहिली म्हणून पूर्ण दिवस हातचा गेलेली माणसं मी पाहिली आहेत.

कोर्सवरच्या फवारणी कामगारांना दर वर्षी द्यायचं सुरक्षा प्रशिक्षण या २० तासांत धरायचं नसतं. ती मालकाची वेगळी जबाबदारी, आणि ते कामगाराला समजणाऱ्या भाषेत द्यावं लागतं. तसंच, वापरलेल्या औषधांचा मासिक अहवाल पुढच्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या, कृषी आयुक्तांकडे जायला हवा. परवाना नवा झाला म्हणून हे सुटत नाही.

घर बदललं असेल तर डीपीआरला नवा पत्ता आधी कळवा. माझं नूतनीकरणाचं पत्र एकदा जुन्या घरी गेलं. तिथल्या नव्या भाडेकरूने ते फ्रिजवर चिकटवून ठेवलं होतं, मी विचारायला गेलो डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात.