गाडीत घरी बनवलेला संगणक बसवताय? आरटीओ, विमा आणि लागणारी कागदपत्रं

रास्पबेरी पाय या छोट्याशा संगणकाचा बोर्ड, सात इंची टचस्क्रीन, बारा व्होल्टचे पाच व्होल्ट करणारा कन्व्हर्टर आणि जीपीएसची डबी. टेबलावर हे सगळं गुण्यागोविंदाने चालतं. गाडीत न्यायची वेळ आली की घरातलं कोणीतरी हमखास विचारतं, ‘हे बसवलेलं चालतं का? आरटीओवाले पकडतील ना?’

खासगी गाडीच्या डॅशबोर्डवर संगणक बसवायला सहसा आरटीओची परवानगी लागत नाही. विमा कंपनीला मात्र लेखी कळवावं लागतं आणि नेमकं तेच राहून जातं.

आरटीओकडे कधी जावं लागतं

मोटार वाहन कायदा, १९८८ मधलं कलम ५२ वाहनातल्या बदलांबद्दल आहे. उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलांशी आरसीवरची नोंद जुळेनाशी होईल असा बदल मालकाने करू नये, असा त्याचा गाभा. वाहनाच्या रचनेत केलेला आणि त्याचं मूळ वैशिष्ट्य बदलणारा फेरफार म्हणजे ‘बदल’, अशी व्याख्याही तिथेच दिली आहे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या कलमाचा कडक अर्थ लावला, तेव्हापासून मॉडिफिकेशन म्हटलं की लोक दचकतात. पण तुमची आरसी काढून बघा. रंग, इंधन, इंजिन आणि चॅसिस क्रमांक, बॉडीचा प्रकार, आसनसंख्या, वजन. म्युझिक सिस्टीमचा रकानाच नाही. त्यामुळे तिच्या जागी स्क्रीन बसवल्याने आरसीवरचं काहीच बदलत नाही.

गोष्ट बिघडते ती हौस वाढली की. मागची सीट काढून तिथे संगणकाचा रॅक आणि जादा बॅटरी ठेवली, तर आसनसंख्या बदलली. असा बदल काम सुरू करण्याआधी मंजूर करून घ्यावा लागतो आणि मंजुरी मिळेलच असं नाही. मिळाली, तर बदल केल्यापासून १४ दिवसांच्या आत नोंदणी प्राधिकाऱ्याला कळवून, शुल्क भरून आरसीवर नोंद करून घ्यायची. परिवहन पोर्टलवर वाहनविषयक सेवांमध्ये ही सोय आहे. मूळ आरसी, चालू विमा, पीयूसी, ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा सोबत लागतो. काही कार्यालयं चॅसिस क्रमांकाचा पेन्सिल प्रिंटही मागतात. गाडीवर कर्ज असेल तर बँकेची लेखी संमती आधी घ्या, नाहीतर फाईल तिथेच अडते. परवानगीशिवाय बदल केला तर कलम १८२अ प्रमाणे प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही.

टॅक्सी किंवा इतर व्यावसायिक वाहन असेल तर पुढच्या फिटनेस तपासणीत तुमची वायरिंग दुसऱ्या कोणाच्या तरी नजरेखालून जाणार आहे, हे धरून चाला.

म्युझिक सिस्टीम काढण्याआधी

१ जुलै २०१९ पासून बनलेल्या प्रवासी गाड्यांत वेगाची सूचना आणि रिव्हर्स पार्किंग सेन्सर सक्तीचे आहेत. ८० किलोमीटरला अधूनमधून वाजणारी आणि १२० च्या पुढे न थांबणारी ती पिपाणी. काही गाड्यांत यातला एखादा आवाज म्युझिक सिस्टीममार्फतच येतो. सिस्टीम काढली की रिव्हर्स टाकल्यावर गाडी मुकी! म्हणून आधी एक छोटा प्रयोग करा. सिस्टीमचा फक्त कपलर (मागचा वायरींचा जोड) काढा, इग्निशन चालू करा, रिव्हर्स टाका आणि मागच्या बंपरजवळ कोणाला तरी उभं करा. टिक-टिक ऐकू आली तर पुढचं काम करा. नाही आली तर मूळ सिस्टीम जागेवर ठेवून तुमची स्क्रीन वेगळी बसवा. सक्तीची सुरक्षा सोय बंद पाडलेली गाडी अपघातानंतर कुठल्याच टेबलावर तुमची बाजू घेणार नाही.

स्क्रीन एअरबॅगच्या झाकणावर किंवा काचेतून दिसणाऱ्या रस्त्याच्या आड येता कामा नये. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम २१ मध्ये २०२० साली झालेल्या दुरुस्तीनुसार हातातलं उपकरण गाडी चालवताना फक्त रस्ता शोधण्यासाठी, तेही लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने वापरता येतं. तुमची स्क्रीन हातातली नाही, हे खरं. पण चालत्या गाडीत त्यावर सिनेमा लावला तर कलम १८४ खाली धोकादायक ड्रायव्हिंगचा मुद्दा येऊ शकतो. हँडब्रेकची वायर बोर्डाच्या एका पिनला द्या (मधे ऑप्टोकप्लर, म्हणजे गाडीची वीज थेट बोर्डापर्यंत पोचू न देणारा भाग, हवाच) आणि ब्रेक खाली असताना व्हिडिओ बंद राहील अशी चार ओळींची स्क्रिप्ट लिहा.

वायफाय, ब्लूटूथ

जीपीएस नुसतं ऐकतं, त्याला परवाना लागत नाही. वायफाय आणि ब्लूटूथ ज्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात चालतात तो २००५ पासून ठरावीक शक्तीच्या मर्यादेत परवानामुक्त आहे. मात्र प्रक्षेपण करणाऱ्या उपकरणाला दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेची ‘इक्विपमेंट टाइप ॲप्रूव्हल’ असावी लागते. ती मिळवणं हे आयातदाराचं काम. तुम्ही बिलासकट मंजूर बोर्ड घेतलात की झालं. परदेशातून स्वतः मागवलेलं मॉड्यूल कस्टममध्ये याच कागदासाठी अडकू शकतं. ॲडॉप्टर आणि लिथियम बॅटरीवर बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) खूण आणि ‘आर’ने सुरू होणारा क्रमांक शोधा, तो बीआयएस केअर ॲपवर तपासता येतो.

विम्यात नोंद: खरा अर्ज इथे

उत्पादकाच्या किमतीत न धरलेली विजेवरची उपकरणं मूळ पॉलिसीत आपोआप येत नाहीत. त्यासाठी ‘आयएमटी २४’ नावाचं एंडोर्समेंट (पॉलिसीला जोडायची पुरवणी) आहे. जुन्या मोटार टॅरिफनुसार त्याचा दर उपकरणाच्या किमतीच्या ४ टक्के, म्हणजे २५,००० रुपयांच्या सामानाला वर्षाला १,००० रुपये आणि वर कर. पात्रतेची अट एकच महत्त्वाची: पॉलिसीत स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं संरक्षण हवं. नुसती थर्ड पार्टी असेल तर हा अर्ज करण्यात अर्थ नाही.

अर्जासोबत पॉलिसी आणि आरसीची प्रत, प्रत्येक सुट्या भागाचं बिल, बसवलेल्या अवस्थेतले फोटो आणि जमल्यास ऑटो इलेक्ट्रिशियनचं फिटिंगचं बिल द्या. गाडी तपासायला माणूस येऊ शकतो. पॉलिसीच्या मध्यावर अर्ज केला तरी चालतं, हप्ता उरलेल्या मुदतीपुरता घेतला जातो.

इथे माझी फजिती झाली होती. अर्जात मी ‘कार संगणक, १ नग’ असं अभिमानाने लिहिलं. पलीकडून प्रश्न आला, ‘मॉडेल नंबर? बिल?’ मॉडेल मीच बनवलेलं, बिल कोण देणार! शेवटी भागवार यादी दिली. अशी:

‘सिंगल बोर्ड कॉम्प्युटर – १; ७ इंची टचस्क्रीन – १; १२/५ व्होल्ट डीसी कन्व्हर्टर – १; जीपीएस रिसीव्हर – १; वायरिंग आणि फ्यूज संच. एकूण किंमत बिलांप्रमाणे. डॅशबोर्डमध्ये कायम बसवलेले. कृपया इलेक्ट्रिकल ॲक्सेसरीज म्हणून नोंद करावी.’

दोन महिन्यांच्या रात्री जागून केलेल्या सोल्डरिंगची किंमत त्यात शून्य धरली गेली, आणि हिशेब म्हणून ते बरोबरच होतं. बिलाबाहेरचा आकडा टाकू नका. दाव्याच्या वेळी तोच अंगाशी येतो.

‘कायम बसवलेले’ हे शब्द विसरू नका. चुंबकावर चिकटवलेला टॅबलेट गाडीचा भाग मानला जाण्याची शक्यता फारच कमी.

फोटो काढताना फ्यूज दिसू द्या. बॅटरीवरून थेट वायर आणली असेल तर फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरात हवा, बोर्डाजवळ लावलेला फ्यूज मधल्या दीड मीटर वायरीला वाचवत नाही. इंजिन स्टार्ट करताना बॅटरी ९ व्होल्टच्या खाली जाऊ शकते, चालू असताना १४ च्या वर असते आणि अल्टरनेटरकडून क्षणिक झटके याहून कितीतरी मोठे येतात. म्हणून मोबाईल चार्जरचं सर्किट फोडून वापरण्यापेक्षा गाडीसाठी बनवलेला कन्व्हर्टर घ्या. पिळून टेप मारलेले जोड सर्व्हेयरला दुरूनही ओळखू येतात, आणि गाडीत आग लागली तर पहिलं बोट त्यांच्याकडेच जातं.

वॉरंटीचं वेगळं. कलम ५२ मध्ये २०१९ साली एक तरतूद आली: केंद्र सरकारने ठरवून दिलेल्या पद्धतीने केलेल्या बदलामुळे वॉरंटी बाद होणार नाही. तिचा आधार घरच्या वायरिंगला घेता येणार नाही. मूळ हार्नेस (गाडीतल्या वायरींचा जुडगा) कापू नका, त्या गाडीसाठी मिळणारा जोड-कपलर वापरा. गाडीची माहिती देणाऱ्या ओबीडी सॉकेटमधून नुसतं वाचलंत तर हरकत नाही. ईसीयूमध्ये (इंजिन सांभाळणाऱ्या गाडीच्या संगणकात) लिहायला गेलात तर उत्सर्जनाच्या नियमांत शिराल.

एंडोर्समेंट आल्यावर पॉलिसीत ‘इलेक्ट्रिकल ॲक्सेसरीज’च्या रकान्यात आकडा पडला का ते बघा. दर नूतनीकरणालाही बघा, कारण कंपनी बदलून ऑनलाइन पॉलिसी घेतली की तो रकाना गुपचूप शून्य होतो. गाडी विकण्याआधी मूळ सिस्टीम परत बसवा आणि संगणकाचं मेमरी कार्ड काढून घ्या. त्यात तुमच्या घराचा पत्ता आणि रोजचा रस्ता नोंदलेला असतो.